यामाहा एमटी-०७ की कावासाकी झेड ६५०? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"दोघींतली कोणती घेऊ?" हा प्रश्न मला या मोटरसायकलींच्या जोडीबद्दल जितक्या वेळा विचारला गेला, तितका दुसऱ्या कुठल्याच गाड्यांबद्दल नाही. दोन्ही मी भरपूर चालवल्या आहेत आणि त्यांतली एक माझी स्वतःची आहे. खाली जे लिहिलं आहे त्यामागे एकच धागा आहे: या दोघींमधला खरा फरक क्रँकशाफ्टमध्ये (पिस्टनच्या वर-खाली हालचालीचं फिरण्यात रूपांतर करणारा दांडा) आणि सीटवर आहे. आकड्यांच्या तक्त्यात तो जेमतेम दिसतो.

याच दोन गाड्यांची तुलना का?

कारण दोन्ही एकाच गिऱ्हाइकासाठी बनल्या आहेत. फेअरिंग (वारा अडवणारं बाहेरचं आवरण) नाही, समोरासमोर दोन सिलिंडर न ठेवता शेजारी-शेजारी ठेवलेले, वजन १९० किलोच्या आत, पहिली मोठी गाडी म्हणून घेता येईल आणि दहा वर्षं ठेवली तरी कंटाळा येणार नाही अशी. एमटी-०७ २०१४ साली बाजारात आली. झेड ६५० आली २०१७ साली, पण तिचं मूळ जुनं आहे: ती ईआर-६एनची वारसदार आणि तिचं ६४९ सीसीचं इंजिन त्या घराण्यात आधीपासून मुरलेलं. मुरलेलं हा शब्द मी कौतुकाने वापरतो आहे.

कागदावर फरक किती आहे?

२०२१ च्या मॉडेलचे आकडे घेऊ. एमटी-०७: ६८९ सीसी, ७३.४ पीएस (अश्वशक्तीसारखं ताकदीचं माप) ८७५० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), ६७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचं बळ) ६५०० आरपीएमला, पेट्रोलसकट वजन १८४ किलो. झेड ६५०: ६४९ सीसी, ६८ पीएस ८००० आरपीएमला, ६४ न्यूटन-मीटर ६७०० आरपीएमला, वजन १८७ किलोच्या आसपास.

पाच पीएसचा फरक ऐकायला मोठा वाटतो. पण गाडी एकटी पळत नाही, तिच्यावर माणूस असतो. ७५ किलोचा माणूस धरून हिशेब केला तर दर किलोमागे ताकद एमटीची साधारण नऊ टक्क्यांनी जास्त निघते. नऊ टक्के ओव्हरटेक करताना जाणवतात, पण पाठोपाठ दोन्ही चालवल्या तरच. एखादीवर महिना काढलात तर आपल्याकडे काही कमी आहे असं दोन्हींवर वाटत नाही.

दोन्ही पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरच्या) आहेत, मग आवाज आणि पिकअप इतका वेगळा का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदा पेटतो. दोन सिलिंडर एकामागोमाग किती अंतराने पेटतात हे क्रँकच्या दोन पिनांमधल्या कोनावर ठरतं. झेड ६५० मध्ये तो कोन १८० अंशांचा आहे. एक सिलिंडर पेटला की १८० अंशांनी दुसरा, मग ५४० अंशांची लांब शांतता. एमटी-०७ मध्ये तो २७० अंशांचा. तिथे अंतर आधी २७०, मग ४५०. नव्वद अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये (दोन सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात असलेल्या इंजिनात) नेमकी हीच लय असते, म्हणून डोळे मिटून ऐकलं तर एमटी व्ही-ट्विनसारखी वाटते. कानाला ती दमदार, ठोक्यांची वाटते. झेडचा आवाज जास्त सपाट, वर चढला की करकरीत.

आता पिकअप. १८० च्या क्रँकमध्ये एक पिस्टन वरच्या टोकाला असताना दुसरा तळाला असतो. दोघे एकाच क्षणी थांबतात आणि एकाच वेळी पूर्ण वेगात येतात. या थांबण्या-पळण्यामुळे क्रँकची गती प्रत्येक फेरीत आतल्या आत कमीजास्त होत राहते, आणि जळणाऱ्या पेट्रोलची ढकल त्या चढउतारावर स्वार होऊन चाकापर्यंत येते. २७० मध्ये एक पिस्टन टोकाला थबकलेला असताना दुसरा जवळपास पूर्ण वेगात असतो. एकाने सोडलेली ऊर्जा दुसरा उचलतो, क्रँक अधिक एकसारखा फिरतो. त्यामुळे थ्रॉटल उघडल्यावर हाताला जे जाणवतं ते बहुतांशी जळणाचं बळ असतं. यामाहाने ही मांडणी १९९५ च्या टीआरएक्स ८५० मध्ये वापरली होती. २००९ च्या आर१ मध्ये चार सिलिंडरांचा क्रॉसप्लेन क्रँक (पिना एकाच प्रतलात नसलेला) आणला तो याच विचाराने. एमटीच्या इंजिनाला सीपी२ म्हणतात, त्यातला सीपी म्हणजे हाच क्रॉसप्लेन.

रस्त्यावर याचा अर्थ असा: तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला थ्रॉटल उघडा. एमटी लगेच ओढते. झेडसुद्धा ओढते, पण ती गोड होते ४००० च्या पुढे.

म्हणजे झेडचं इंजिन जुनाट आहे का?

नाही, आणि हा गैरसमज मला मनापासून खटकतो. १८० च्या क्रँकमध्ये दोन पिस्टन विरुद्ध दिशेने जात असल्यामुळे पहिल्या प्रतीची (क्रँकच्या फेरीइतक्याच वारंवारतेची) कंपनं एकमेकांना मारतात. उरते ती दुप्पट वारंवारतेची बारीक थरथर, शिवाय दोन्ही टोकांना डोलवणारं बळ. २७० मध्ये उलटं: दुप्पट वारंवारतेची थरथर आपोआप मिटते, पहिल्या प्रतीची थोडी उरते. उरलेल्या कंपनांसाठी दोन्ही इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट आहे. फुकट कुणालाच काही मिळालेलं नाही.

झेडचा स्ट्रोक (पिस्टनचा वरच्या टोकापासून तळापर्यंतचा प्रवास) ६० मिलिमीटर आहे, एमटीचा ६८.६. कमाल ताकदीच्या आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग झेडमध्ये सेकंदाला १६ मीटर, एमटीमध्ये २० मीटर येतो. झेडचं इंजिन आरामात काम करतं. त्या घराण्यातली इंजिनं लांबच लांब किलोमीटर काढतात असा जो लौकिक आहे, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

हाता-पायांना मुंग्या कुठल्या गाडीवर येतात?

झेडवर, ६००० आरपीएमच्या वर, फूटपेगमधून. एमटीवर खालच्या आरपीएमला ठोके जाणवतात, पण त्यांचा त्रास होत नाही.

गर्दीत, रोजच्या ये-जा करण्यासाठी कोणती?

झेड ६५०. तिचा असिस्ट आणि स्लिपर क्लच पहिल्या मॉडेलपासून आहे. लिव्हर इतका हलका की तासभर दर दोन मिनिटांनी दाबला तरी डावा हात भरून येत नाही. घाईत दोन गिअर खाली टाकले तरी मागचं चाक उडत नाही. २०२१ च्या एमटीला साधा क्लच आहे. तो जड नाही, पण झेडवरून उतरून लगेच तिच्यावर बसलात तर फरक कळतो.

दुसरं म्हणजे थ्रॉटल. एमटी खालच्या आरपीएमला इतकी तयार असते की पहिल्या गिअरमध्ये रांगत जाताना मनगट जरा हललं तरी गाडी पुढे उसळते. यावर उपाय सोपा आहे: दुसऱ्या गिअरमध्ये राहा, थ्रॉटल किंचित उघडा ठेवा आणि वेग मागच्या ब्रेकने आवरा. आठवड्यात सवय होते. झेडवर ही सवय लावून घ्यावी लागत नाही.

माझी उंची कमी आहे. पाय टेकतील का?

झेडची सीट ७९० मिलिमीटर उंच, एमटीची ८०५. दीड सेंटिमीटरचा फरक आहे, पण पाय टेकणं फक्त उंचीवर ठरत नाही. सीटचा पुढचा भाग किती रुंद, यावर मांड्या किती फाकतात ते ठरतं, आणि फाकल्या तेवढा पाय आखूड पडतो. या दोन्ही गाड्या टाकीजवळ अरुंद आहेत, म्हणून ८०५ चा आकडा वाचून एमटी नाकारू नका. जाऊन बसा. रोज जे बूट घालता तेच घालून बसा. बसल्यावर गाडी पायाने मागे ढकलून बघा, कारण दोन्ही चवडे टेकणं आणि उतारावर १८५ किलो मागे ढकलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि उंची जास्त असेल तर?

मग एमटी. झेडवर गुडघे जास्त दुमडतात. सहा फुटांच्या पुढच्या माणसाने झेडची जास्त उंचीची सीट बसवून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

वळणांवर कोणती चांगली?

दोघींचा स्वभाव निराळा आहे, त्यामुळे इथे एकीला वरचढ ठरवणं मला जमत नाही. झेडचा मागचा टायर १६०/६०-१७ आहे, एमटीचा १८०/५५-१७. रुंद टायरवर तेच वळण त्याच वेगाने घ्यायचं तर गाडी जराशी जास्त झुकवावी लागते, कारण झुकल्यावर रस्त्याला टेकणारा भाग मधल्या रेषेपासून जास्त दूर सरकतो. अरुंद टायरची गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पटकन जाते. घाटातल्या एकामागून एक येणाऱ्या नागमोडी वळणांत झेड इतकी हलकी वाटते की तिचं वजन तीन किलोने जास्त आहे यावर विश्वास बसत नाही.

एमटीचा ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला भेटतो तिथपासून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) ९० मिलिमीटर, झेडचा १००. व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १४०० आणि १४१०. म्हणजे हँडल वळवण्यात एमटी चपळ, वळणात एकदा बसली की झेड जास्त स्थिर. अडचण आहे ती एमटीच्या पुढच्या सस्पेन्शनची. २०१४ ते २०१७ च्या गाड्यांचा फोर्क (पुढचं चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन दांडे) फार मऊ होता. जोरात ब्रेक दाबला की नाक खाली, सोडला की वर. २०१८ मध्ये स्प्रिंग कडक केल्या आणि मागच्या शॉकला रिबाउंडची (दबल्यावर परत उसळण्याच्या वेगाची) अ‍ॅडजस्टमेंट दिली, तेव्हा गाडी बरीच सावरली. जुनी एमटी घेतलीत तर पहिला खर्च फोर्कच्या स्प्रिंगवर करा, एक्झॉस्टवर नको. मी उलट क्रमाने केला होता, आणि सुंदर आवाज करणारी गाडी वर्षभर वळणावर डोलत चालवली.

झेडला मागे १८० चा टायर बसवू का? भारी दिसेल.

नको. तिचा मागचा रिम साडेचार इंची आहे. १८० चा टायर साडेपाच इंची रिमसाठी असतो. अरुंद रिमवर तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, त्याचा गोलावा बिघडतो आणि झेडचा सगळ्यात गोड गुण, तिचं सहज झुकणं, तुम्ही स्वतःच्या हाताने घालवता.

ब्रेक?

झेडला पुढे ३०० मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि दोन पिस्टनचे कॅलिपर. एमटीला २०२१ पासून २९८ मिलिमीटरच्या डिस्क, त्याआधी २८२ च्या, आणि चार पिस्टनचे कॅलिपर. पहिल्या दाबाला एमटी जास्त चावते. एबीएस दोन्हींकडे आहे, पण झुकलेल्या गाडीचा कोन मोजून काम करणारं एबीएस दोघींकडेही नाही. वळणात भरपूर झुकलेले असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला तर इलेक्ट्रॉनिक्स तुम्हाला सावरेल या भरवशावर राहू नका.

ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल उघडल्यावर मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी घेणं चूक आहे का?

चूक नाही, पण माहीत असलं पाहिजे. झेडला ते २०२३ मध्ये मिळालं, दोन पातळ्यांचं आणि बंद करता येणारं. एमटीला मिळालं थेट २०२५ मध्ये. त्याआधीच्या एमटीवर ओल्या रस्त्यातल्या लोखंडी झाकणावर, रंगवलेल्या पट्ट्यांवर, सांडलेल्या डिझेलवर मागचं चाक सांभाळणं पूर्णपणे तुमच्या मनगटावर आहे. माझं चाक एकदा ओल्या पांढऱ्या पट्टीवर हातभर सरकलं होतं. पडलो नाही, पण त्या दिवसापासून पावसात एक गिअर वर ठेवून चालवतो, म्हणजे थ्रॉटलची धार बोथट होते.

सेकंडहँड घ्यायची तर कुठल्या सालची?

झेड: जमलं तर २०२० किंवा त्यानंतरची. त्या वर्षी रंगीत टीएफटी मीटर आणि एलईडी हेडलाइट आला. पावसात रोज चालवणार असाल तर २०२३ पासूनची.

एमटी: २०१८ च्या आधीची घेतली तर सस्पेन्शनच्या खर्चाची तयारी ठेवून घ्या. २०२१ मध्ये मोठ्या डिस्क आल्या, तेव्हापासूनची गाडी मला सगळ्यात सोयीची वाटते. २०२५ ची एमटी बरीच वेगळी आहे: उलटा फोर्क, रेडियल कॅलिपर, राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक) थ्रॉटल आणि राइडिंग मोड. परवडत असेल तर तीच.

दोन्हींत बघायची गोष्ट एकच: चेन. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून बघा. दात उघडे पडत असतील तर मालकाने बाकीची काळजीही तशीच घेतली असेल.

क्लच लिव्हर नसलेली वाय-एएमटी एमटी कशी आहे?

२०२५ पासून एमटी-०७ या पर्यायासह मिळते. क्लच लिव्हर नाही, गिअरचा पेडल नाही. बोटाने बटण दाबून गिअर बदला किंवा सगळं गाडीवर सोडा. मनगट किंवा घोटा दुखणाऱ्या माणसासाठी ही खरोखर मोठी सोय आहे. पण गर्दीतून मुंगीच्या पावलाने जाताना क्लच अर्धवट धरून तोल सांभाळण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी आधी रिकाम्या जागेत मागच्या ब्रेकवर हळू चालवण्याचा सराव करावा.

मायलेज आणि टाकी?

कंपन्यांच्या आकड्यांनुसार १०० किलोमीटरला एमटी ४.२ लिटर आणि झेड ४.३ लिटर पिते, म्हणजे लिटरला जेमतेम २४ आणि २३ किलोमीटर. टाकी एमटीची १४ लिटर, झेडची १५. त्यामुळे पूर्ण टाकीत झेड कागदावर १५ किलोमीटर पुढे जाते. या कारणासाठी कुठलीही निवडू नका.

लांबच्या प्रवासाला जमतात का?

जमतात, पण वाऱ्याची तयारी हवी. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ऐवजी १२० ने गेलात तर छातीवरचा दाब जवळपास दीडपट होतो. दिवसभर तो झेलला की रात्री मान आणि खांदे बोलतात. छोटी काच लावून फरक पडतो, पण ती विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाची तरी लावून बघा. चुकीच्या उंचीची काच वारा थेट हेल्मेटवर आणून सोडते, आणि तो गोंगाट काच नसण्यापेक्षा वाईट.

मागे बसणाऱ्यासाठी दोन्ही गाड्या कंजूष आहेत. छोटी सीट, वर चढवलेले फूटपेग. तासाभरासाठी ठीक. जोडीने नेहमी लांब जायचं असेल तर याच इंजिनांवर बनलेल्या ट्रेसर ७ आणि व्हर्सिस ६५० बघा.

देखभाल कुणाची सोपी?

जवळपास सारखी. टायरची हवा दोन्हींना पुढे ३३ आणि मागे ३६ पीएसआय, थंड टायरला. चेन एमटीची ५२५, झेडची ५२०, म्हणून बदलताना एकीची दुसरीला चालणार नाही. व्हॉल्व्हची फट दोन्हींत शिम (बारीक चकती) बदलून जुळवावी लागते. ते काम क्वचित येतं, पण आलं की जाणत्या हाताकडेच द्या.

नवशिक्याने यांपैकी एखादी पहिलीच गाडी म्हणून घ्यावी का?

लहान गाडीवर एक-दोन वर्षं काढली असतील तर दोन्ही चालतील. काहीच चालवलं नसेल तर झेड, आणि तीही ताकद कमी केलेली मिळाली तर उत्तम. युरोपात ए२ परवान्यासाठी (मध्यम ताकदीच्या मोटरसायकलींचा परवाना) दोन्ही गाड्या ३५ किलोवॉटपर्यंत आवळून मिळतात, आणि ती मर्यादा मला अगदी शहाणपणाची वाटते.

टेस्ट राइडमध्ये काय बघू?

बहुतेक जण टेस्ट राइडमध्ये सरळ रस्ता शोधून थ्रॉटल पिळतात. त्यातून काहीच कळत नाही, कारण तसं पिळल्यावर दोन्ही वेगानेच जातात. उलट करा. चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढा. मग तिसऱ्या गिअरमध्ये ३००० वरून ६००० पर्यंत सावकाश न्या, थ्रॉटल पूर्ण बंद करा, पुन्हा हळूच उघडा. बंद-उघडच्या त्या सांध्यावर गाडी धक्का देते की नाही, हे तुम्हाला रोज शंभर वेळा सोसायचं आहे. खराब रस्त्याचा एक तुकडा शोधून त्यावरून जा. आणि किमान वीस मिनिटं बसा, कारण सीट आवडते की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच कळत नाही.

तुम्ही स्वतः कोणती घेतली?

एमटी-०७. वळणातून बाहेर पडताना गिअर न बदलता नुसतं थ्रॉटल उघडायचं आणि ठोके मोजत वर जायचं, यासाठी. बायकोने वर्षभर माझी चालवून झेड घेतली, आणि पावसाळ्यात घाईच्या दिवशी मी तिच्या किल्लीकडे हात घालतो.